कुतूहल ओसरल्यावर

हौशी खेळाचा रसिक हा काहीसा एकाकी प्राणी असतो. महिला क्रिकेटचा बंगळूरमधला जुना प्रेक्षक त्याच जातीचा. भारतीय महिलांचा पहिला कसोटी सामना ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी, वेस्ट इंडीजविरुद्ध, याच शहरात सुरू झाला. नेतृत्व शांता रंगास्वामींचे. त्या मालिकेला गर्दी लोटली ती बरीचशी कुतूहलापोटी. कुतूहल ओसरल्यावरही जो येत राहिला, तो खरा रसिक.

क्रिकेट नियामक मंडळाने महिलांचा खेळ आपल्या छत्राखाली घेतला तो २००६ मध्ये. तोवर १९७३ साली स्थापन झालेली महिला क्रिकेट संघटना तुटपुंज्या पैशावर तो चालवीत होती. (तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात भरली होती, हे मराठी वाचकाने विसरू नये.) खेळाडू अनारक्षित डब्यांतून प्रवास करीत, वसतिगृहांत जमिनीवर निजत. अशा खेळावरचे प्रेम निर्हेतुक म्हणावे, तर तेही पूर्ण खरे नाही. इतरांनी न पाहिलेले आपण पाहिले, असा एक सूक्ष्म अहंकार त्यात दडलेला असतो.

मार्च २०२४ मध्ये सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाच्या बंगळूर संघाने महिला प्रीमियर लीग जिंकली. पुरुष संघाला सोळा हंगामांत जे साधले नव्हते, ते तिने दुसऱ्याच हंगामात साधले. त्याआधी फेब्रुवारीत चिन्नास्वामी मैदानावर तिच्या नावाचा घोष चालला असता जुना प्रेक्षक सुखावला, आणि किंचित हिरमुसलाही. शेजारच्या मुलीला रंगास्वामींविषयी सांगावे की गप्प राहावे, हे त्याला ठरवता येईना. तेवढ्यात चौकार गेला, आणि दोघेही उभे राहिले.