कांद्याची मुळं

तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलची सामग्री पुष्कळदा बाजारातून येते. कांदा पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर बसवला की दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं सुटतात. सकाळी त्यांची टोकं कापायची, अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्लात ठेवायची, ॲसिटोकार्मिनने रंगवायची. मग कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ दाबायचं. दाब तिरका पडला की पेशी एकमेकींवर चढतात. हे पुस्तक वाचून साधत नाही, मॅडमचा हात बघून साधतं. वर्गात पंधरा-वीसच मुलं असली की मॅडम प्रत्येकाच्या शेजारी उभ्या राहू शकतात. लहान कॉलेजचं खरं धन मला हेच वाटतं.

तो लाल रंगही मोठा नवलाचा. कार्मिन मिळतं निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनील किड्यांपासून. म्हणजे कांद्याची गुणसूत्रं दिसतात ती एका कीटकाच्या कृपेने! वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र एकाच खोलीत भरत असेल तर ही गोष्ट आपसूक निघते.

आणि या खोलीतून वैद्यकाकडेही एक थेट वाट जाते. स्वीडनमधल्या लुंडचे आल्बर्ट लेव्हान वर्षानुवर्षं कांद्याच्या मुळांवर काम करत होते. कोल्चिसिन दिल्यावर पेशीविभाजन कसं अडतं, ते त्यांनी १९३८ मध्येच या मुळांत दाखवलं होतं. जावात जन्मलेले जो-हिन चिओ शेतीशास्त्र शिकलेले. माणसाची गुणसूत्रं ४८, असं तेव्हा सगळी पाठ्यपुस्तकं सांगत. या दोघांनी गर्भाच्या फुप्फुसातल्या पेशी वाढवल्या, कोल्चिसिनने विभाजन थोपवलं, पेशी दाबून पसरवल्या आणि मोजलं. गुणसूत्रं भरली ४६! हे १९५६ साली छापून आलं. डाउन सिंड्रोममध्ये एक गुणसूत्र जास्त असतं, हे पॅरिसमध्ये १९५९ साली दाखवलं गेलं. मूळ आकडा पक्का झाला होता, म्हणून तर ४७वं ओळखता आलं.

जर्नलात आकृतीखाली आपण ‘कांद्याच्या मुळाचं टोक’ एवढंच लिहून घेतो. लेव्हान आणि चिओ यांची हकिगत त्याच तासाला सांगायला हवी. कांद्याची सोळा गुणसूत्रं मोजून झालेल्या मुलीपुढे लगेच माणसाच्या गुणसूत्रांचं छायाचित्र ठेवावं आणि म्हणावं, आता ही मोज.