हसू आणि हुंदका

एकपात्री प्रयोगात नट एकटाच. हसवायचे त्यानेच आणि डोळे पुसायला लावायचेही त्यानेच. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर आणली. त्रिलोकेकर, अण्णा पावशे, कोचरेकर मास्तर ही सारी बिऱ्हाडे त्यांनी एकट्याने उभी केली. प्रेक्षक हसून थकले की अखेरीस ‘चिंतन’ येई. चाळीचे ते दिवस सरत चालले, ही खंत कानी पडताच हसणारे सभागृह स्तब्ध होई. ज्यांना आपण हसलो, त्यांच्यावर आपला जीव जडला होता, हे तेव्हा उमगे.

आम्हांला मात्र ते फार उशिरा उमगले. एका मृताच्या घरी, अंत्यविधीच्या आदल्या रात्री, नातू आजोबांच्या फजितीचे किस्से त्यांच्याच आवाजात सांगत होता. घरची माणसे रडता रडता हसत होती. आम्ही त्याला दटावले. प्रार्थना शांततेत पार पडली. निघताना आजी हलकेच म्हणाली, “फादर, इतका वेळ ते घरात होते.”

आम्ही निरुत्तर झालो. आता अशा घरी गेलो की प्रार्थनेपूर्वी आम्हीच विचारतो, “त्यांची एखादी गंमत सांगता का?”