खोक्यावरचा टन

पोर्टेबल एसी घ्यावा की नाही, या विचारात माझे दोन उन्हाळे गेले, आणि अजून राग येतो तो खोक्यावरच्या एका शब्दाचा : ‘१ टन’. भिंतीवरच्या स्प्लिटवर तेच लिहिलेलं, चाकांवर ढकलायच्या या डब्यावरही तेच. गारवा सारखाच मिळणार, असं कुणीही समजेल. टन हे माप मुळात बर्फाचं. अमेरिकी टनभर, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून उपसायची ताकद म्हणजे एक टन. आजच्या हिशेबात साडेतीन किलोवॉट. यात खोटं काही नाही. मशीन तेवढी उष्णता उपसतंही. उपसताना बाहेरची किती उष्णता घरात ओढून घेतं, एवढंच खोक्यावर नसतं.

हा मुद्दा मी जरा ताणणार आहे, कारण सगळी गोम इथेच आहे. स्प्लिटचा तापणारा भाग घराबाहेर लटकतो. पोर्टेबलचा घरातच असतो, आणि त्याला थंड ठेवायला मशीन खोलीतलीच हवा घेऊन जाड पाइपातून खिडकीबाहेर फेकतं. साधारण तासाला तीनशे घनमीटर धरा. आपली दहा बाय बाराची बेडरूम भरते जेमतेम बत्तीस घनमीटर. म्हणजे तासाभरात खोलीतली सगळी हवा नऊ वेळा बाहेर गेली, आणि तेवढीच कुठून तरी आत आली : दाराखालच्या फटीतून, बाथरूमच्या काचपट्ट्यांतून, वन बीएचकेत तर सरळ स्वयंपाकघरातून. कुकरची शिट्टी झाली की तिची वाफ झोपायच्या खोलीकडे निघते, आणि तिला बोलावणारा आपलाच एसी.

आता ठाणे-डोंबिवलीची हवा बघा. समुद्रापासून आत असल्याने दुपारी मुंबईपेक्षा पारा चढा, आणि खाडी आणि उल्हास नदी जवळ असल्याने दमटपणाही सुटत नाही. मे महिन्यातली संध्याकाळ, तेहेतीस अंश आणि साठ टक्के आर्द्रता धरली, तर हवेच्या प्रत्येक घनमीटरात एकवीस ग्रॅमच्या आसपास वाफ असते. सुखाने झोप लागेल अशा सव्वीस अंशांच्या खोलीत ती तेरा ग्रॅम असायला हवी. फरक आठ ग्रॅमचा. तीनशेने गुणा : तासाला जवळपास अडीच लिटर पाणी हवेतून पिळून काढायचं. त्यातच दीडएक किलोवॉट जातात, आणि आत आलेली हवा सात अंशांनी उतरवायला आणखी अर्ध्याहून जास्त. साडेतीनातले सव्वादोन असे गेले. भिंती, माणसं आणि वरच्या गच्चीचा ताप यांच्यासाठी उरलं सव्वा. खोली गारच होत नाही असं नाही. पण पैसे टनाचे मोजायचे आणि हाती येतो त्याचा तिसरा हिस्सा. शिवाय काही पाणी टाकीत साठतं. ती भरली की मशीन बंद, मग भले पहाटेचे तीन वाजलेले असोत.

हे नुसतं माझं गणित नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१६ साली पोर्टेबलसाठी वेगळं माप आणलं, आणि ज्यावर पूर्वी चौदा हजार बीटीयू लिहीत, तीच मशीनं आठ-दहा हजारांवर आली. आपल्याकडे मात्र मी पाहिलेल्या एकाही खोक्यावर वीजबचतीचे तारेसुद्धा नव्हते. गंमत अशी, की विलिस कॅरिअरने १९०२ साली ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी पहिली यंत्रणा आखली ती उकाड्यासाठी नव्हे, दमटपणाने कागद फुगू नये म्हणून. आपलं दुखणंही नेमकं तेच. म्हणूनच नागपूरचा कूलर इथे चालत नाही. तो हवेत पाणी घालतो, आणि आपल्याला नको असतं तेच पाणी.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं : भाड्याच्या घराचं काय? अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, सोसायटी बाहेर युनिट लावू देत नाही. त्यात डोंबिवलीत इमारती पुनर्विकासाला गेलेल्या, माणसं दोन-तीन वर्षं दुसरीकडे राहणारी. स्प्लिट हलवायचा तर काढणं-बसवणं, तांब्याची नळी, पुन्हा गॅस, आणि दर वेळी त्याचं बिल. हे सगळं खरं आहे. पण यातून मी काढतो तो निष्कर्ष विंडो एसीचा. एका टनाचा विंडो बहुधा पोर्टेबलहून स्वस्त पडतो, त्याचा तापणारा भाग बाहेर राहतो, आणि घर सोडताना उचलून नेता येतो. खिडकीचं एक तावदान काढायला घरमालक तयार होतो; तिथे भिंत फोडावी लागत नाही. दोन पाइपांचं पोर्टेबल असतं, ते बाहेरचीच हवा घेऊन बाहेर टाकतं, म्हणून पुष्कळ बरं. पण आपल्या बाजारात ते शोधत फिरावं लागतं. विजेचा हिशेबही पोर्टेबलच्या विरुद्धच जातो. महावितरणचे दर टप्प्यांनी चढतात, आणि कमी कामाचं मशीन जास्त वेळ चाललं की आपण नको त्या टप्प्यात जाऊन बसतो.

एवढं लिहून झाल्यावर कबूल करायला हवं, की घरात बाळंतीण असेल किंवा अंथरुणाला खिळलेले आजोबा असतील, आणि खिडकीला असं बॉक्स ग्रिल असेल की विंडो बसूच शकत नाही, तर घेऊ नका असं माझ्या तोंडून निघणार नाही. हवामान खातं किनारपट्टीला उष्णतेच्या लाटेचा उंबरठा सदतीस अंशांवर धरतं, मैदानात चाळीसवर. तीन अंशांची ही सूट उगाच दिलेली नाही. अशा रात्री तिसरा हिस्साही पुष्कळ असतो. तेव्हा माझं सगळं गणित मलाच हलकं वाटायला लागतं. फक्त पैसे देण्याआधी टेप घेऊन खिडकी मोजा. पाइपाबरोबर येणारी प्लॅस्टिकची पट्टी आपल्या तीन ट्रॅकच्या स्लायडिंगला बेताचीच बसते, आणि वरची उरलेली फट थर्माकोल आणि चिकटपट्टीने आपणच बुजवायची असते.