माडीवरचे पाहुणे

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी या शब्दाची व्युत्पत्ति सांगतात. गुहागरास आमच्या माडीवर चार दिवस उतरणारी मंडळी तर तिथि ठरवून व भाडें भरून येतात. तेव्हां तीं अतिथि नव्हेत, त्यांना साबण, चहा, साखर सारें मोजून द्यावें, असें सूनबाईंचें म्हणणें. मला तें रुचत नाहीं. मध्यरात्रीं लेकरासाठीं दूध तापवावयाचें असतां काडेपेटीकरितां परक्या माउलीनें आमचें दार ठोठवावें काय? त्यांतून पावसाळ्यांत येथें मिठास पाणी सुटतें, काड्या सर्दतात. म्हणून मीठ चिनी मातीच्या बरणींत, काडेपेट्या घट्ट झांकणाच्या डब्यांत, शेजारींच मेणबत्त्या, असें मी स्वतः मांडतों आणि एक बिऱ्हाड हाललें कीं दुसरें येण्यापूर्वीं पुन्हां भरून ठेवतों. साखर मात्र अद्याप सूनबाईंच्या कुलपांत आहे.