हिशेबवहीतील एक ओळ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी संस्थेचा पन्नास वर्षांचा प्रवास लिहून काढण्याचे काम सुरू झाले, तेव्हा कार्यालयातील जुन्या लाकडी कपाटातून हजेरीपट, प्रवेशाच्या नोंदवह्या आणि हिशेबवह्या बाहेर काढण्यात आल्या. संपादन समितीत आमच्यापैकी एक जण आहे. २००५ सालची हिशेबवही चाळताना एप्रिल महिन्याच्या पानावर त्याला एक ओळ आढळली : ‘जयंती वर्गणी, स्वयंपाकिणीच्या मुलाकडून गहाळ, रुपये १८०, वेतनातून वसूल.’ त्याने वही मिटली आणि त्याच रात्री आम्हा उरलेल्या चौघांना फोन केला. आम्ही पाचही जण २००७ साली या विद्यालयातून दहावी उत्तीर्ण झालो. हा लेख त्या एका ओळीविषयी आहे. ती ओळ खोटी आहे आणि ती आमच्यामुळे लिहिली गेली.

ज्याच्याविषयी ती लिहिली गेली, तो आमचा दादा. त्याचे नाव येथे छापावे की नाही, असे आम्ही मावशींना विचारले. “ज्याले मालूम हाय, त्याले मालूम हाय,” एवढेच त्या म्हणाल्या. वसतिगृहातील चार-पाच तुकड्यांनी त्याला दादा याखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही, म्हणून येथेही तो दादाच राहील.

पतीच्या निधनानंतर मावशी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला लागल्या, तेव्हा दादा आठ-नऊ वर्षांचा होता, असे जुने गुरुजी सांगत. आम्ही पाचवीत दाखल झालो त्या वेळी तो पंधरा वर्षांचा, उंच, किंचित पुढे झुकून चालणारा मुलगा होता. त्याला ऐकू उत्तम येई. फाट्यावर एस.टी. थांबल्याचा आवाज आमच्या आधी त्याच्या कानी पडे आणि पाहुणे फाटकापाशी पोहोचेपर्यंत तो पाण्याचा तांब्या घेऊन उभा असे. सांगितलेले सारे त्याला समजे. मुखातून शब्द मात्र येत नसे. आनंद झाला की एक लांब गुणगुण, भीती वाटली की तुटक हुंकार, एवढाच त्याचा आवाज. गावात त्याला मुका म्हणत. मुका म्हणजे बहिरा आणि बहिरा म्हणजे अजाण, असा हिशेब लोक मनाशी मांडीत. आम्हीही तोच मांडला होता.

वसतिगृहाची घंटा म्हणजे कडुनिंबाच्या फांदीला तारेने टांगलेला रेल्वे रुळाचा तुकडा. पहाटे पाचला उठण्याची, मग वंदनेची, शाळेची, जेवणाची, अशा सर्व घंटा दादा देई. कार्यालयाच्या भिंतीवरचे घड्याळ पाहून तो झाडाखाली जाई. घड्याळ वाचायला त्याला कोणी शिकवले, हे कोणालाच सांगता येत नव्हते. उठण्याचे ठोके तो सावकाश, अंतर ठेवून देई. जेवणाचे ठोके घाईने पडत. मावशींशी रात्री भांडण झालेले असले, की पहाटेचे ठोके साऱ्या वसतिगृहाच्या कानठळ्या बसवीत आणि आम्ही पांघरुणातच ओळखत असू, की आज स्वारीचे बिनसले आहे.

सायंवंदनेला तो सभागृहात शेवटच्या रांगेत बसे. आम्ही त्रिशरण-पंचशील म्हणत असू, तेव्हा त्याचे हात जोडलेले असत आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी त्याच्या कंठातून एक हलका नाद निघे. कोणी ‘जय भीम’ म्हटले, की तो तळहात दोनदा छातीवर ठोकून वर उचली. त्याचे उत्तर कधी चुकले नाही.

एका वर्षावासात वसतिगृहात आलेल्या भन्तेजींनी आम्हांला मूगपक्ख जातकाची कथा सांगितली. राज्यकारभाराच्या पापातून सुटावे म्हणून राजपुत्र तेमिय जन्मापासून मुका आणि पांगळा असल्यासारखा राहतो. तो खरोखर तसा आहे की नाही, हे पाहण्यासाठी राजाची माणसे त्याच्यावर हत्ती सोडतात, साप सोडतात, कानाशी शंख आणि ढोल वाजवतात, अंगाला काकवी फासून माश्या बसू देतात. तो हलत नाही. अखेर त्याला पुरण्यासाठी वनात नेतात आणि सारथी खड्डा खणू लागतो, तेव्हा तो बोलतो. भन्तेजींनी ती कथा निश्चयाचे बळ समजावे म्हणून सांगितली. आम्ही तिच्यातून भलतेच घेतले. दादाही मनात आणले तर बोलेल, असे आमच्या डोक्यात शिरले आणि राजाच्या माणसांनी घेतलेल्या परीक्षा आम्ही घेऊ लागलो. त्याच्या पाठीमागे कागदी पिशव्या फोडल्या. पायाशी दोर टाकून ‘साप, साप’ म्हणून ओरडलो. दुपारी तो झोपला असताना त्याच्या दंडाला गूळ फासला. तो उठला, नळावर जाऊन दंड धुतला, आमच्या हातातला उरलेला गूळ काढून घेतला आणि आमच्या समोर बसून तो सगळा खाल्ला. त्याच्या चेहऱ्यावर हसू होते. आम्हीही हसलो. राजवाड्यातील ती माणसे कथेत कोणत्या बाजूची होती, हा विचार त्या वयात आमच्या मनाला शिवला नाही.

आता १८० रुपयांविषयी. २००५ च्या एप्रिलमध्ये आम्ही आठवीत होतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी मुलांनी जमवलेली वर्गणी एका पत्र्याच्या डब्यात सभागृहातील कपाटात ठेवलेली होती. कपाटाला कुलूप नव्हते. आम्ही पाच जणांनी त्यातून १८० रुपये काढले. आठवडी बाजारात भजी खाल्ली, उसाचा रस प्यालो आणि उरलेल्या पैशांतून चामडी चेंडू घेतला. डब्यात हात घालताना सभागृहाच्या दारात दादा केरसुणी घेऊन उभा होता. त्याने आम्हांला पाहिले आणि आम्ही त्याला पाहिले. तो काय सांगणार, असे आमच्यापैकी एकाने म्हटल्याचे आम्हा पाचांनाही आठवते.

तूट लक्षात आली तेव्हा गुरुजींनी सर्वांना सभागृहात बसवले. त्या दिवशी सभागृहात कोण कोण गेले होते, हा प्रश्न आला आणि आमच्यापैकी एक जण म्हणाला, “दादा झाडत होता.” उरलेल्या चौघांनी माना डोलावल्या. गुरुजींनी दादाला पुढे बोलावले. त्याने दोन्ही हात जोराने हलवले, कपाटाकडे बोट केले, मग आमच्याकडे, मग पुन्हा कपाटाकडे. त्याच्या कंठातून तो तुटक हुंकार येऊ लागला. “घाबरला बिचारा,” कोणीतरी म्हणाले. “त्याला काय कळते? खेळताना कुठेतरी टाकले असतील.” त्या दिवशी त्याला कोणीही चोर म्हटले नाही. त्याला समजत नाही, असे म्हटले, आणि तेवढ्यावर निकाल लागला. मावशींनी पदराने हात पुसले आणि पगारातून कापून घ्या, म्हणाल्या. त्याच संध्याकाळी वंदनेत आम्ही असत्य न बोलण्याचे चौथे शील नेहमीच्या आवाजात ग्रहण केले.

दादाने मात्र ते प्रकरण मिटवले नाही. जेवणाच्या पंगतीत वरण वाढण्याचे काम त्याच्याकडे असे. दुसऱ्या दिवसापासून इतर मुलांना वाढताना तो पळी बादलीच्या तळापर्यंत नेऊन ढवळी आणि दाट वरण भातावर घाली. आमच्यापाशी आला, की पळी वरच्या वर फिरवून नुसते पाणी ओती. पाच जण पाच वेगवेगळ्या जागी बसले, तरी त्याची पळी चुकली नाही. वार्षिक परीक्षा संपून सुट्टी लागेपर्यंत रोज दोन्ही वेळा हे चालले. त्याची साक्ष साऱ्या वसतिगृहासमोर दिली जात होती. ती कळली फक्त आम्हांला, आणि आम्ही पातळ वरण मुकाट्याने खात राहिलो.

त्याच वर्षी आमच्यापैकी एकाला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. विषय होता ‘मूकनायक’. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी त्या नावाचे पाक्षिक सुरू केले, हे त्याने खणखणीत आवाजात सांगितले. ज्यांना समाजाने मूक ठरवले त्यांच्या जिभेत काही उणे नव्हते, त्यांचे म्हणणे ऐकून घेणारा कान व्यवस्थेला नव्हता, हेही सांगितले. टाळ्या खूप पडल्या. पारितोषिकाची ढाल घेऊन तो परत आला, तेव्हा फाटकाशी दादा तांब्या घेऊन उभा होता. त्याने सर्वांना पाणी दिले. त्यालाही दिले.

दादाचे नाव या संस्थेच्या कोणत्याही हजेरीपटात नाही. तो येथे राहिला, वाढला, पण विद्यार्थी म्हणून दाखल झाला नाही. सरकारदरबारीही त्याची नोंद झाली नाही. सवलतींसाठी दाखला मिळावा म्हणून मावशी त्याला दोनदा मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. त्या वेळी लागू असलेल्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्यांत कानाने अधू असलेल्यांना जागा होती, परंतु ज्याला ऐकू येते, समजते आणि केवळ बोलता येत नाही, त्याच्यासाठी रकाना नव्हता. मतिमंद असे लिहून घ्या म्हणजे काम होईल, असा सल्ला मावशींना मिळाला. दादा शेजारी बसून ऐकत होता. मावशींनी नकार दिला आणि त्या रिकाम्या हाताने परतल्या. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सातांचे एकवीस प्रकार केले. त्यांत वाचा व भाषा यांचे दिव्यांगत्व आले, स्वमग्नताही आली. बोलता न येणाऱ्यांसाठी संवादाच्या पर्यायी साधनांना उत्तेजन द्यावे, असेही त्यात लिहिले आहे. तो कायदा झाला तेव्हा दादा नव्हता.

२०१५ च्या पावसाळ्यात तो तापाने आजारी पडला आणि आठवड्याभरात गेला. तो अठ्ठावीस वर्षांचा होता. जलदान विधीला आम्ही पाचही जण पोहोचलो. भन्तेजींचे सूत्रपठण झाले, लोक पांगले, आणि दहा वर्षे जी गोष्ट आमच्या तोंडून निघाली नव्हती ती आम्ही मावशींना सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “मले त्याच रात्री मालूम झालं होतं. त्यानंच सांगतलं.”

तेव्हा वसतिगृहात प्रत्येकाचे ताट आपापले असे आणि काठावर नाव कोरलेले असे. त्या रात्री दादाने फळीवरच्या ताटांतून आमची पाच ताटे वेचून काढली, मावशींच्या पुढ्यात ओळीने मांडली आणि वर्गणीचा तो पत्र्याचा डबा आणून त्यांच्या मधोमध ठेवला. मावशींना अक्षरओळख नव्हती, परंतु कोणते ताट कोणाचे, हे त्यांना पोचा आणि ओरखड्यांवरून ठाऊक होते. दादा ती ताटे कशावरून ओळखत होता, नावे वाचून की मावशींप्रमाणेच खुणांवरून, हे आम्ही त्याला कधी विचारले नाही. आता विचारता येणार नाही.

“मग मावशी, तुम्ही गुरुजींना का सांगितले नाही?” आम्ही विचारले.

“काय सांगू? पाच ताटं दाखवू? माय हाय, लेकराची बाजू घेणारच, असं म्हणले असते. त्याची साक्ष कोन मानली असती, सांगा?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. मावशींपुढे बोललो म्हणजे आपण मोकळे झालो, अशी समजूत करून घेऊन आम्ही परतलो. संस्थेला काही कळवण्याचे धैर्य तेव्हाही झाले नाही. अशी काही ओळ लिहिली गेली आहे, हेही आम्हांला ठाऊक नव्हते. आज कळले, की या संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कागदपत्रांत दादाचा उल्लेख एकदाच आला आहे, आणि तो ‘गहाळ’ या शब्दासह.

म्हणून या स्मरणिकेच्या माध्यमातून संस्थेच्या कार्यकारिणीस आमची नम्र विनंती आहे, की २००५ च्या हिशेबवहीतील त्या ओळीसमोर लाल शाईने दुरुस्तीचा शेरा लिहावा. ती रक्कम दादाकडून गहाळ झाली नव्हती. ती आम्ही पाच विद्यार्थ्यांनी घेतली होती. आमची नावे व सह्या असलेले पत्र आम्ही कार्यालयाकडे स्वतंत्रपणे सुपूर्द केले आहे. दुसरी विनंती शिक्षक बंधु-भगिनींना. शब्द नसलेले एखादे मूल उद्या आपल्या दारात आले, तर त्याचे नाव हजेरीपटात लिहावे, आणि ते बोट दाखवील तिकडे आधी पाहावे. घाबरले आहे की सांगते आहे, हे त्यानंतर ठरवावे.

विद्युत घंटा आल्यापासून रुळाचा तो तुकडा कडुनिंबाला नुसताच टांगलेला आहे. गेल्या महिन्यात मावशींना भेटून आम्ही ते १८० रुपये परत देऊ केले. त्यांनी हात लावला नाही. “त्याच्या नावानं पोरायले एक दिस दाट वरण खाऊ घाला,” म्हणाल्या.

स्मरणिकेच्या प्रकाशनाच्या दिवशी दुपारच्या पंगतीत आम्ही पाच जण वाढायला असू. जेवणाची घंटा त्या दिवशी रुळावर द्यावी.

सविनय जय भीम.

– २००७ च्या दहावीच्या तुकडीतील पाच माजी विद्यार्थी