झाकणाखालची वाळू

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी मी उघडा फ्लूम सोडून लॅबमधला बंद, चौकोनी अ‍ॅक्रिलिकचा मार्ग मागून घेतला. वर झाकण, आत गच्च पाणी आणि तळाशी चाळून घेतलेली बारीक वाळू, कण साधारण पाव मिलिमीटरचे. "व्हॉल्व्ह सावकाश उघडा हो, नाहीतर सगळी वाळू टाकीत," असं लॅबचे मामा दर वेळी बजावायचे.

पाणी वाहू लागलं तरी आधी बराच वेळ काही घडत नाही. मग एखादा कण डगमगतो, शेजारचा उडी मारतो आणि बघता बघता तळावर सुरकुत्या उमटतात. सुरकुतीची वरच्या अंगाची बाजू लांब आणि सौम्य, खालच्या अंगाची एकदम उतरती, सुमारे तीस अंशांची. कण चढ चढून माथ्यावरून पलीकडे कोसळतात, तिथे भोवरा फिरत असतो. अशी कोसळत कोसळतच अख्खी सुरकुती पुढे सरकते, पण इतकी हळू, की अ‍ॅक्रिलिकवर पेनाने खूण केल्याशिवाय ते पटत नाही.

व्हॉल्व्ह आणखी उघडला की मोठे ढीग तयार होतात. झाकणाचा प्रताप कळतो तो इथे. ढीग जितका चढेल तितकी त्याच्या माथ्यावरची वाट अरुंद होते, पाणी जोर धरतं आणि माथाच खरवडून काढतं. मॅनोमीटरवर नजर ठेवली की ढिगांमागच्या भोवऱ्यांत किती दाब वाया जातोय तेही दिसतं. त्याहून वेग वाढवला की ढीग पुसले जातात, तळ सपाट होतो आणि वेग जास्त असूनही घर्षणाचा गुणांक खाली येतो. आकडेमोड मी पुन्हा तपासली, बरोबर होती.

उघड्या फ्लूममध्ये याच्याही पुढे गेलं तर पृष्ठभागावरच्या लाटांच्या जोडीने वाळूच्या लाटा उठतात आणि कधी कधी चक्क प्रवाहाच्या उलट सरकतात. बंद मार्गात पाण्याला मोकळा पृष्ठभागच नाही, मग त्या कुठून येणार? पुस्तकात वाचलं होतं, तरी मी वाट बघत बसलो. मामा हसले.

बंद मार्गातली वाळू कशी वागते, हे कळण्याची खरी किंमत हिमालयात कळते. सतलजवरच्या १,५०० मेगावॅटच्या नाथपा-झाकरी प्रकल्पात डोंगराच्या पोटात ५२५ मीटर लांबीचे चार गाळकक्ष आहेत. ०.२ मिलिमीटरहून मोठे कण तिथे खाली बसवायचे, म्हणजे टर्बाइनची पाती झिजायची वाचतात. बसलेला गाळ खालच्या बंद वाटेने बाहेर काढायचा. तिथे पाणी वाचवायला जावं आणि वेग पुरेनासा झाला, तर वाळू त्या वाटेतच बसते.