तुटक रेघेचं देणं

लहानपणी मला कागदाचा बेडूक यायचा, तोही मावशी समोर बसली असेल तरच. मधली एक घडी विसरली की सगळं अडायचं. जुन्या जपानातही बरंचसं तसंच होतं. 1797 सालच्या ‘सेनबाझुरु ओरिकाता’ या पुस्तकात एकमेकांना जोडलेले कागदी सारस आहेत. पण साधा सारस कसा घडतो, हे वाचणाऱ्याला बहुतेक आधीच ठाऊक असावं लागे.

अध्यापक विद्यालयात असताना एक जपानी पुस्तक हाती आलं. अक्षर एकही लागेना. पण तुटक रेघेवर कागद आपल्याकडे दुमडायचा, रेघ-टिंबांवर मागे, आणि बाण दाखवेल तिकडे न्यायचा, एवढ्या आधारावर संध्याकाळपर्यंत टेबलावर कोल्हा उभा राहिला. मावशीवाचून जमलेला माझा तो पहिला प्राणी. ही खुणांची भाषा अकिरा योशिझावांची, हे मला फार उशिरा कळलं. 1954 साली त्यांनी ती पुस्तकातून मांडली. पुढे सॅम्युअल रँडलेट आणि रॉबर्ट हार्बिन यांनी तीत भर घातली. आज जगभर तीच चालते.

तरुणपणी कारखान्यात असताना योशिझावा नव्या कामगारांना भूमिती समजावायला कागदाच्या घड्या वापरत. हे वाचलं तेव्हा माझ्या वर्गातली मुलं कोनदुभाजकाची व्याख्या घोकत होती, आणि घोकायला मीच लावत होते. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला चौरस कागद दिला. कर्णावर घडी, मग एका कोपऱ्याच्या दोन्ही कडा त्या कर्णावर: काटकोनाचे चार सारखे भाग, प्रत्येकी साडेबावीस अंश. याच कोनावर सारस उभा राहतो, म्हटल्यावर मागचा बाकही पुढे सरकला.

कारखान्यातली नोकरी सोडल्यावर योशिझावांनी दारोदार त्सुकुदानी, म्हणजे सोया सॉसमध्ये आटवलेलं तोंडीलावणं, विकून दिवस काढले. 1952 मध्ये ‘असाही ग्राफ’ या नियतकालिकाने त्यांचे बारा राशिप्राणी छापले तेव्हा चाळिशी आली होती.

माझे प्राणी बरीच वर्षं चपटेच राहिले. ओल्या घडीची युक्तीही त्यांचीच: जाड कागद जरासा ओलसर केला की त्यातली खळ सैल होते, आणि वाळताना वळण धरून ठेवते. पाणी जास्त झालं तर लगदा. हत्तीच्या गालाला गोलाई आली ती त्यांच्यामुळे.

इतके हजारो नमुने घडवूनही आकृत्या त्यांनी थोड्यांच्याच काढल्या. म्हणून वर्गात कुणाला नवं काही सुचलं की मी आधी वही पुढे करते. रेघा आणि बाण काढून झाल्यावर मग कौतुक.